नाव नको म्हणाले होते

टेबल-खुर्ची मांडून, खिडकीतून झाडाकडे बघत वगैरे मी आयुष्यात कधी लिहिलेलं नाही. आमच्या मुलुंडच्या घरात टेबल एकच, त्याच्यावर कायम इस्त्रीचे कपडे. खिडकीतून दिसतात ते समोरच्या विंगमधले वाळत घातलेले टॉवेल. लेखक लोकांच्या मुलाखती वाचते मी. पहाटे उठतो, दोन तास लिहितो, मग फिरायला जातो, म्हणे. अहो, पहाटे उठून तुम्ही लिहिलंत तर डबा कोण करतं ते पण सांगा ना जरा!

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. तसं म्हटलं तर दिवसभर लिहीतच असते. 'सदर विद्यार्थी या शाळेत शिकत असून त्याची वर्तणूक चांगली आहे.' पंधरा वर्षं लोकांच्या पोरांच्या वर्तणुकीला चांगली म्हणत आले. त्यातली निम्मी कशी होती ते मला विचारा.

माझ्या गोष्टी मी उभ्याने केल्या, ओट्यापाशी. कणीक मळताना, भाजी निवडताना फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि बोलायचं. हे तुम्ही वाचताय ते मात्र हाताने लिहिलेलं आहे, शाळेतच, मधल्या सुट्टीत, वाया गेलेल्या दाखल्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर. आई वाचेल तर वाचू दे. व्हायचं ते होऊन गेलंय.

तर बाई. आमच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर राहतात. रिटायर झालेल्या मराठीच्या शिक्षिका, त्यामुळे सेक्रेटरीपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणतात. एका वर्षी सोसायटीच्या हळदीकुंकवाला मी शाळेतला एक किस्सा सांगत होते. एक आजी नातवाचा दाखला न्यायला आली आणि काम झाल्यावर दारातच घुटमळत राहिली. शेवटी म्हणाली, माझा पण चौथीचा दाखला मिळेल काय, मी पण इथंच होते. आम्ही सगळ्यांनी मिळून जुनी रजिस्टरं काढली. नाव सापडलं तेव्हा आजी त्या नावावरून बोट फिरवत बसली, नातू 'चल ना, चल ना' करतोय. माझं सांगून झालं तर बायका आधी हसल्या आणि मग दोघी-तिघींनी डोळे पुसले. निघताना बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"हे लिहीत का नाहीस तू?"

"वेळ कुठाय, बाई?"

"तोंडाला आहे ना वेळ? मग बोल. मी लिहून घेते."

झालं, सुरू! मी संध्याकाळी घरी आले की कुकर लावायचा आणि बोलायला लागायचं. पाच-पाच मिनिटांच्या व्हॉइस नोट. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी कानात वायर खुपसून ऐकायच्या आणि लांबड्या वहीत शाईच्या पेनाने उतरवायच्या. अक्षर असं गोल, सुटं, फळ्यावरचा सुविचार असतो ना, तसं. शनिवारी शाळा अर्धा दिवस, म्हणून चार वाजता मी वर जायचे. बाई आल्याचा चहा करायच्या, वही उघडायच्या, वाचायच्या आणि मग आमचं जुंपायचं.

"बाई, हे काय, 'तिची दुर्दशा झाली'?"

"मग काय लिहू? वाट लागली? बरं दिसतं का ते?"

"ती घाटकोपरची आहे हो. तिची दुर्दशा होत नाही, वाटच लागते."

बाई नाक मुरडायच्या, पण खोडायच्या आणि वाट लावायच्या. कधी वाचता वाचता थांबून चष्म्यावरून बघायच्या माझ्याकडे. "शेवट घाईत उरकलास. भाजी लागत होती का खाली?" आणि खरंच लागलेली असायची! मग म्हणायच्या, पुन्हा बोल, नीट बोल, भाजी गेली खड्ड्यात. तीन वर्षं असे शनिवार झाले. अकरा कथा झाल्या. आमचं ठरलं होतं की डझनभर झाल्या की एकदम बाहेर काढायच्या, तोवर कुठे पाठवायचं नाही आणि कुणाला सांगायचं पण नाही. आईला तर मी मुद्दाम बोलले नव्हते. म्हटलं, छापलेलं पुस्तकच हातात ठेवू.

'तू लेखिका आहेस गं' असं मला आयुष्यात पहिल्यांदा बाई म्हणाल्या. नवरा म्हणायचा, फोनशी बडबडतेस ते बरंय, माझं डोकं तरी वाचतं. म्हणून सांगते, बाईंवर माझा किती जीव होता ते आधी समजून घ्या. नाहीतर पुढचं नुसतं भांडण वाटेल.

आता आईचं. आई बोरिवलीला एकटी असते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी तिच्या एका डोळ्यात थेंब घालून आम्हाला अर्धा-पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं होतं. ती डोळे मिटून, मी फोनवर शाळेच्या मेसेजना उत्तरं देत. आणि मध्येच ती बोलायला लागली. मालवणची आहे ती, एवढ्या वर्षांत बोलणं मुंबईचं झालंय, पण 'गो' काही सुटलेलं नाही.

"मी एकदा घर सोडून गेले होते गो. तू सात वर्षांची होतीस."

मला ते दिवस आठवत होते. आई आजारी मामाकडे गेलीय असं बाबांनी सांगितलं होतं आणि आम्ही चार दिवस ब्रेड आणि उकडलेले बटाटे खाल्ले होते. मामा आजारी नव्हताच. बाबांनी अबोला धरला होता. माझे बाबा कधी हात उगारणाऱ्यातले नव्हते, आवाज पण चढवायचे नाहीत. नुसते बोलायचे बंद व्हायचे. कशावरूनही. त्या खेपेला अठरा दिवस झाले होते. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आमच्या दारावर येणारी कोळीण टोपलं उचलत होती, तिला आई म्हणाली, मी येऊ तुझ्याबरोबर? कोळीण म्हणाली, चल. आई नेसत्या साडीनिशी गेली. बोटीत बसून गोराईला. जाताना तिने घरातली एकच वस्तू बरोबर घेतली. कुकरची शिट्टी.

"शिट्टी? का?"

"डाळ शिजू नये म्हणून," आई म्हणाली. "म्हटलं, निदान शिट्टी कुठाय म्हणून तरी शोधत येतील."

कोणी आलं नाही. चार दिवस ती कोळणीच्या घरी राहिली, बोंबील वाळत घातले, सुकलेले गोळा केले. पाचव्या दिवशी आपली आपणच परत आली. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "शिट्टी कुठाय?" अबोला सुटला तो असा.

आई हे सगळं मिटल्या डोळ्यांनी बोलली. मी "हं, हं" करत होते. शाळेचे मेसेज टुणटुण वाजत होते. नर्स बोलवायला आली तेव्हा आईने माझं मनगट धरलं. "कुणाला बोलू नको हां. तुझ्या बाबांची शोभा होईल." मी म्हटलं, शप्पथ.

वर्षभर पाळली. खरंच पाळली, नवऱ्याला सुद्धा बोलले नाही. पण ती गोष्ट माझ्या पोटात स्वस्थ बसेना. लिहिणारी जमात किती हलकट असते ते मला तेव्हा कळलं. आईचं दुःख ऐकून मी रडले होते, ते खरं. पण त्याच वेळी आत कुणीतरी म्हणत होतं, काय जबरदस्त आहे यार ही शिट्टी! एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता मी फोन टेकवला आणि सुरू झाले. पाच नोट झाल्या. सगळं बदललं मी. गोराईच्या जागी मढचा कोळीवाडा घातला, मुलीचा मुलगा केला, नवऱ्याला पोस्टात लावलं. शिट्टी तेवढी बदलता येईना. चावी करून बघितली, लाटणं करून बघितलं, मजा जात होती. शेवटी शिट्टी ठेवली.

आणि एक गोष्ट मी माझ्या मनाने घातली. ती परत का आली, हे आईने मला सांगितलं नव्हतं. मुलांसाठी आली असेल, असंच कुणीही म्हणेल. मला ते पटेना. मी किती दिवस मनातल्या मनात त्या कोळणीच्या पडवीत आईला बसवून बघत होते. मग मेथीची जुडी हातात असताना एकदम कळलं. कोळणीच्या घरात सगळे सारखे बोलत असणार. भांडायचं तर बोलूनच भांडणार. चार दिवसांत तिच्या कानावर इतकं बोलणं पडलं की तिला धास्ती वाटली. आणखी एक दिवस राहिले तर त्या मुक्या घरात मला परत पाऊल टाकता येणार नाही, असं तिला वाटलं, आणि म्हणून ती दुसऱ्या दिवशीची पहिली बोट पकडून निघाली. हे बोलले आणि माझा मलाच काटा आला.

त्या शनिवारी बाईंना वाचताना थांबावं लागलं. चष्मा काढून बसल्या. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, की हे आईचं आहे. म्हटलं, बाई, ही कुठेही पाठवायची नाही. आणि कधीकाळी बाहेर आलीच तरी माझं नाव येता कामा नये. आणि ऐकून झालेल्या नोट पुसून टाका, मी पण पुसते. समोर बसून मी त्यांच्या फोनमधल्या पाचही नोट पुसून घेतल्या आणि खाली येऊन माझ्या फोनमधल्या पुसल्या. आईची शप्पथ मोडली होती ना, त्या पापावर एवढी तरी माती लोटावी म्हणून.

दिवाळीनंतर एकदा भर दुपारी शाळेत आईचा फोन आला. शाळेच्या वेळात ती कधी फोन करत नाही. मला वाटलं पडली की काय.

"तुमच्या बिल्डिंगमधल्या त्या मास्तरीणबाई, त्यांचं आडनाव काय गो?"

मी सांगितलं. ती बाईंना आमच्याकडे दोन-तीनदा भेटलेली आहे.

"मग त्यांनीच लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"माझं."

आईच्या लायब्ररीत दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायची असते, मग रोज एक अंक बदलून मिळतो. बोरिवलीची ही सगळी म्हातारी मंडळी मार्चपर्यंत दिवाळी करत असतात. त्यातल्या एका अंकात आईला शिट्टी सापडली होती. खाली बाईंचं नाव, संपूर्ण, वडिलांकडच्या आडनावासकट. मला ऑफिसातली ट्यूबलाइट हलल्यासारखी वाटली.

"तू सांगितलंस ना तिला?" आई म्हणाली.

आता बघा, इथे मला एकच वाक्य बोलायचं होतं. आई, ती कथा माझी आहे. नाही बोलता आलं. गप्पांच्या ओघात तोंडातून निघालं हा लहान गुन्हा वाटला आणि बसून त्याची कथा केली हा मोठा. मी म्हटलं, "बोलता बोलता निघून गेलं गं आई." मग फोन ठेवल्याचा आवाज. माझ्या आईने, जिला अबोल्याने घराबाहेर काढलं होतं, तिने माझ्याशी अबोला धरला.

संध्याकाळी चपला पण न काढता मी सरळ वर गेले. बाईंनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून दोन पावलं मागे सरल्या. टेबलावर अंकाच्या दोन प्रती होत्या, संपादकांकडून आलेल्या. एक उघडी होती, पालथी घातलेली.

"अगं, मी सांगणारच होते तुला."

"कधी? पुढच्या दिवाळीला?"

"बस आधी."

"नाही बसत. तुम्ही नाव कसं घातलंत तुमचं?"

"तूच म्हणालीस ना, माझं नाव नको?"

"नाव नको म्हणाले! तुमचं घाला म्हणाले का?"

"निनावी कथा कोण छापतं गं?"

"मग छापायची कशाला? पाठवायची नाही, असं नव्हतं ठरलं?"

बाई खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता माफी मागतील, रडतील. मी विरघळायला तयारच होते, एवढी मी मूर्ख. पण बाईंनी ती लांबडी वही पुढे ओढली, कथेचं पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे बघ. यात कुणाचं अक्षर आहे? मी ही चार वेळा उतरवली. तुझ्या बोलण्यात ना सुरुवात असते ना शेवट, मध्येच तू धोब्याशी बोलतेस, मध्येच डबा पडतो. त्यातून ही मी बाहेर काढली. तू बोललीस गं. लिहिली मी."

"आणि मी नोट पुसली नसती तर माझा आवाज होता तुमच्या फोनमध्ये!"

"पण तू पुसलीस ना," बाई म्हणाल्या. टोमणा म्हणून पण नाही, साधं, हजेरी घेतल्यासारखं.

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासले मी. 'छान', 'अक्षर सुधार', 'आणखी लिही'. माझं असं काय आहे? ही कथा कपाटात पडून राहणार होती. मला ते सहन होईना." हे त्या खरं बोलत होत्या. ते कळत होतं म्हणूनच मला जास्त राग आला. म्हटलं, बाई, तुम्ही केसाने गळा कापलात माझा. माझ्याच तोंडचा घास, आणि वर मलाच विचारताय वाढला कोणी?

नवऱ्याला सांगितलं. तो टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाला, "बरंच झालं ना. तुझं नाव आलं असतं तर आईने घरात घेतलं असतं का तुला? सुटलीस." या माणसाचं वाईट काय, तर तो बरोबर बोलतो. मी कुणाकडे तक्रार करणार होते? संपादकांना पत्र लिहायचं तर लिहायचं काय, की माझ्या आईचं गुपित मी चोरलं होतं ते माझ्याकडून या बाईंनी चोरलं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शनिवारी चार वाजता मी कपाट आवरायला घेतलं. ओट्यापाशी बोलणं बंद झालं. कणीक मळली जायची आणि डोक्यात काही म्हणजे काही यायचं नाही.

बाकीच्या दहा कथा त्याच वहीत आहेत, त्याच गोल अक्षरात. मी मागायला गेले नाही आणि बाईंनी आणून दिल्या नाहीत. लिफ्टमध्ये भेटलो तर मी मजल्यांचे आकडे बघते.

आईने तीन आठवड्यांनी बोलावलं. रविवारी ये म्हणाली, एवढंच. दिंडोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अर्धा तास उभी होती आणि मी मनातल्या मनात सगळं घोकत होते. ठरवलंच होतं की या वेळी खरं सांगायचं. ओरडू दे, रडू दे, घराबाहेर काढू दे. निदान मी जे केलं त्याच्यासाठी काढेल.

आईने दार उघडलं, पाणी दिलं. अंक कॉटवर होता. परत करायची तारीख केव्हाच उलटून गेली होती, लायब्ररीवाल्याचे फोन येत होते आणि ही देत नव्हती. मग चष्मा लावला, अंक उचलला.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगाची आग झाली माझ्या," ती म्हणाली. "वाटलं, तुझं तोंड बघू नये. मग दुसऱ्यांदा वाचलं. आता किती वेळा वाचलं ते देवाला ठाऊक."

"आई, मला तुला..."

"थांब गो. हे ऐक." आणि तिने वाचायला सुरुवात केली. तेच. पडवी, सगळ्यांची बोलणी, आणखी एक दिवस राहिले तर त्या मुक्या घरात पाऊल टाकता येणार नाही. नव्या डोळ्यातून पण पाणी येत होतं आणि जुन्यातून पण.

"हे मी कुणाला सांगितलं नव्हतं," आई म्हणाली. "तुला पण नाही. मला तरी कुठे नीट माहीत होतं? एवढी वर्षं मीच म्हणत आले की पोरांसाठी आले. या बाईंना कसं कळलं? कोण कुठल्या, मला धड ओळखत नाहीत. आणि तू पोटची पोर. तुला एवढं सगळं सांगितलं, तर तू फोनमध्ये बघत हं हं करत होतीस."

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. म्हटलं, "आई, ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"तेच. सगळंच. ही कथा माझी आहे. बाईंनी नुसती उतरवून घेतली."

मी रागाची वाट बघत होते. राग आला असता तर मी तो आनंदाने घेतला असता. पण आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी शाळेत खोटं बोलून पकडले जायचे तेव्हा ठेवायची तसा.

"असं करू नये, बाय. त्यांचं ते त्यांचं. तू सांगितलंस हे तुझं चुकलंच, पण त्यांनी त्याचं काय केलं बघ."

"आई, खरंच. देवाशपथ."

"शपथा नको घालू. तू कधी लिहितेस? मला दोन ओळींचा मेसेज पाठवायला तुला वेळ नसतो."

"बोलून करते मी. स्वयंपाक करता करता, फोनवर."

"बोलायला तुला लहानपणापासून येतं," आई म्हणाली. "बोलणं वेगळं, हे वेगळं."

माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. वही बाईंकडे, अक्षर बाईंचं, या कथेचा आवाज मी माझ्या हाताने पुसलेला, बाकीच्या कथांच्या नोट फोन भरतो म्हणून कधीच गेलेल्या. नुसतं रडू येत होतं, आणि आईला वाटत होतं मला पश्चात्ताप झालाय. ती पाठीवरून हात फिरवत राहिली. मग जरा वेळाने, खिडकीकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "नंतर मी आणखी एकदा गेले होते गोराईला."

माझं रडू थांबलं. "कधी? बाबा असताना?"

"आहे एक गोष्ट."

"सांग ना आई. मला सांग."

"तुला सांगितलं त्याचं काय झालं ते बघितलं ना?" आई म्हणाली. रागाने नाही. हिशेब मिटल्यावर बोलतो तसं. "आता जे काय सांगायचंय ते मी त्यांनाच सांगेन. त्यांना समजतं. नंबर घाल त्यांचा माझ्या फोनमध्ये."

तिने उशाखालून फोन काढून मला दिला. तिला नंबर सेव्ह करता येत नाही, सगळे मीच घातलेले आहेत, दूधवाला, गॅसवाला, डॉक्टर. मी बाईंचा नंबर पाठ म्हणत घातला. तीन वर्षं रोज लावलेला नंबर, बघावा लागला नाही.

"नाव काय टाकू?" मी विचारलं. "मास्तरीणबाई टाकू?"

आईने थोडा विचार केला. "नको," म्हणाली. "लेखिका, असं टाक."

मी तसं टाईप केलं आणि फोन तिच्या हातात दिला.